सदुसष्टची मस्टँग: रंगाच्या खुणांची वही

६ जानेवारी

गाडी एकदाची स्टँडवर चढली. चारही चाकं काढली, पाठीवर खाली सरकलो, टॉर्च मारला आणि पहिला अर्धा तास कशालाही हात न लावता नुसतं बघत पडलो. १९६७ची फोर्ड मस्टँग आहे, गाडीचा कारखान्यातला नंबर ७आर०१सी ने सुरू होतो, म्हणजे ७ हे वर्ष, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे २८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, टू बॅरल म्हणजे दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरवालं. (सॅन होजे नुसतं नावाला, कारखाना होता शेजारच्या मिलपिटासला, १९८३ला बंद पडला आणि आता तिथे मॉल आहे. जिथे माझ्या गाडीचे नट आवळले गेले तिथे आज लोक बूट घेत फिरतायत.)

बॉडी, रंग, इंजिन हे सगळं आधीच झालंय, ते या वहीत नाही. ही वही फक्त खालच्या पार्टवर कारखान्यात मारलेल्या खुणांची. इंजिनाचा रंग काय हे कुणीही सांगेल, फोर्डने १९६६पासून सगळी इंजिनं एकाच निळ्यात रंगवायला घेतली, डबा आणा आणि मारा, विषय संपला. पण शाफ्टवरचा तो बोटभर पिवळा पट्टा, स्प्रिंगच्या वेटोळ्यावरचा फराटा, नटावरून आडवी गेलेली रेघ, हे डब्यात मिळत नाही, आणि मिळतं तेव्हा स्टिकर होऊन मिळतं आणि ते तर बघवत नाही.

या खुणा एका माणसाच्या नाहीत हे आधी डोक्यात पक्कं करून घेतलं. काही पार्ट बनवणाऱ्याकडून आलेल्या, म्हणजे दिसायला सेम टू सेम असलेले स्प्रिंग किंवा शाफ्ट लाइनवरच्या माणसाला लांबून ओळखता यावेत म्हणून मारलेले पट्टे, कारण त्याला नंबर वाचत बसायला वेळ नसतो, अमुक रंग दिसला की उचलायचा आणि बसवायचा. काही तपासणाऱ्याच्या, नट आवळला, बघितला, रेघ मारली, पुढे. आणि काही म्हणजे मेणखडूने खरडलेले आकडे, लाइनवरच्या पुढच्या माणसाला दिलेला निरोप. गिऱ्हाइकाने बघावी म्हणून यातली एकही मारलेली नाही, हे रंगवताना विसरलो की संपलं.

ग्राइंडरचा वायर व्हील काढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. हात शिवशिवतात म्हणून.

७ जानेवारी

फक्त फोटो. एकूण २१४ निघाले. प्रत्येक पार्ट गाडीवर असतानाच, चारी बाजूंनी, शेजारी स्टीलची पट्टी धरून, आणि कुठली बाजू पुढची ते दाखवायला खडूचा बाण. हे बाणाचं मी मागच्या प्रोजेक्टला शिकलो. तेव्हा स्पिंडल, म्हणजे ज्यावर चाक फिरतं तो पार्ट, काढून टेबलावर ठेवून मस्त फोटो काढले होते आणि नंतर डावा कुठला उजवा कुठला, खूण वर होती की खाली, काही कळेना.

टॉर्च समोरून मारला तर काही दिसत नाही. एका बाजूने, जवळपास पत्र्याला टेकवून तिरका मारला की जुन्या रंगाची कड उचलून दिसते, रंग उडाला असला तरी त्याच्या खालची जागा आजूबाजूपेक्षा कमी गंजलेली असते, म्हणजे खुणेचा रंग गेला तरी तिची सावली राहते. युव्ही टॉर्चपण आणला होता मोठ्या हौशीने. सगळीकडे तेलच चमकलं. अख्खी गाडी खालून निळसर आकाशगंगा. ठेवून दिला.

१३ जानेवारी

प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारी फिरती नळी, उतरवला. त्याच्या टोकांचे सांधे, क्रॉस, जाम होते, ते नंतर बघू. साफ करायची पद्धत अशी ठरवलीये की आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने ग्रीसचा थर खरवडायचा, मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस नुसता टेकवून ठेवायचा, घासायचं नाही, पाच मिनिटांनी लोळवत उचलायचा. कंटाळवाणं आहे. चार फुटांच्या शाफ्टला अख्खा दिवस गेला. पण ग्रीस म्हणजे या खुणांचं लोणच्यातलं तेल आहे, जिथे जाड थर होता तिथे खाली रंग अगदी ताजा आणि जिथे उघडं होतं तिथे नुसता गंज.

दोन पट्टे निघाले. पुढच्या टोकापासून एक वीत अंतरावर पिवळा, त्याच्या मागे दोन बोटं सोडून निळा. पिवळा पूर्ण गोल फिरलेला, आणि जिथे सुरुवात आणि शेवट भेटायला पाहिजेत तिथे ते भेटत नाहीत, जवळपास अर्धा इंच चुकलेत, म्हणजे स्क्रूच्या आट्यासारखं झालंय. निळा अर्धाच आहे. आधी वाटलं उरलेला उडाला, पण तिरक्या उजेडात दुसऱ्या अर्ध्यावर सावलीपण नाही, म्हणजे कधी मारलाच नव्हता. ब्रशमधला रंग संपला असणार, शेवटाकडे ब्रशचे केस सुटे सुटे दिसतात. त्याला काय, निळा दिसला की झालं.

नळी बाकी उघडं लोखंड आहे, कसलाही रंग नाही. बरेच जण शाफ्ट काळा रंगवतात आणि मग त्यावर पट्टे काढतात. मी पण एकेकाळी रंगवला होता एक.

१४ जानेवारी

आज माती खाल्ली.

फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर, इंजिनच्या बाजूने वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या पाइपांच्या मागे, मेणखडूचे दोन आकडे आणि त्याच्या पुढे काहीतरी अक्षर होतं. कालच्या यशाने हुरळून तोच रॉकेलचा कापूस तिथे टेकवला. मेण रॉकेलमध्ये विरघळतं. हे मला माहीत होतं. शाळेतल्या पोराला माहीत असतं. पाच मिनिटांनी कापूस उचलला तर कापसावर लाल आणि फायरवॉलवर गुलाबी ढग.

सात तारखेच्या फोटोत आहे ती खूण, पण धुळीतून, धूसर. तर आता स्वतःसाठी मोठ्या अक्षरात लिहितोय: रंगाची खूण असेल तर रॉकेल चालतं, खडूची असेल तर फक्त कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब, शाईचा शिक्का असेल तर आधी कडेला कापसाच्या काडीने एक ठिपका लावून बघायचं. थिनर कशालाच नाही. आणि कुठली आहे ते कळत नसेल तर ती खडूचीच आहे असं समजायचं.

दिवसभर पुढे काही केलं नाही.

१७ जानेवारी

फोटोवरून खडू परत मिळाला, बऱ्यापैकी. दगडावरची जुनी पुसट चित्रं बघणारे लोक डीस्ट्रेच नावाचं एक प्लगइन वापरतात, जॉन हार्मन यांनी बनवलेलं, इमेजजे या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं. फोटोतले जवळजवळ सारखे दिसणारे रंग ते ताणून एकमेकांपासून लांब करतं, मूळची ही युक्ती उपग्रहाच्या फोटोंसाठी केलेली. गुहेतल्या गेरूच्या चित्रांसाठी त्यात वायआरई म्हणून एक सेटिंग आहे, लाल रंग उचलणारं. म्हटलं गेरू काय, लाल खडू काय. टाकला फोटो. धुळीतून भडक जांभळ्या रंगात ३, मग ७, आणि पुढे जे मला अक्षर वाटत होतं ते अक्षर नाहीच, बरोबरची खूण आहे, लांब शेपटीची, घाईत मारलेली.

३७ आणि बरोबर. कुणीतरी ३७ बघितलं आणि पुढे ढकललं.

२७ जानेवारी

पुढचे कॉइल स्प्रिंग. या गाडीत ते वरच्या कंट्रोल आर्मवर (चाकाला धरून वरखाली होणारा हात) बसतात, शॉक टॉवर नावाच्या पत्र्याच्या उभ्या खोक्याच्या आत, त्यामुळे कॉम्प्रेसर लावून हळूहळू उतरवावे लागतात आणि तेवढा वेळ तोंड बाजूला ठेवायचं. दाबलेला स्प्रिंग सुटला तर खुणा शोधायला कुणी उरणार नाही.

उजवा छान निघाला. मधल्या दोन वेटोळ्यांवर आडवा फराटा, एकाच झटक्यात मारलेला, म्हणजे ब्रश एका वेटोळ्यावरून उडी मारून दुसऱ्यावर गेलाय आणि दुसऱ्यावर फक्त कड लागलीये. रंग पिवळट हिरवा. शेजारी थोडा लालपण, पण तो बोटाने लागल्यासारखा. इंजिन कुठलं, एसी आहे का, यावरून स्प्रिंगची तार आणि उंची बदलते, बघून फरक कळत नाही, म्हणून हे रंग. आणि एकच रंग वेगळ्या पार्टवर वेगळं सांगतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीच्या फोटोवरून रंग उचलायचा असेल तर वर्ष, कारखाना, इंजिन सगळं जुळायला हवं, नाहीतर आपण दुसऱ्याच गाडीची जन्मपत्रिका आपल्या गाडीला चिकटवतो.

डाव्यावर काहीच नाही. काहीच म्हणजे काहीच, सावलीसुद्धा नाही. पूर्ण काळा रंग, एकसारखा, आणि उजव्यावर असा रंग कुठेच नाही. वेटोळ्याचं टोकसुद्धा वेगळं कापलंय. म्हणजे कधीतरी हा बदललेला आहे, बहुतेक धक्का बसून, कारण डाव्या शॉक टॉवरला एक जुनी डागडुजीची वेल्डिंगपण आहे. फोर्डच्या नंबरातून हे असं कळतं कधीकधी: पार्टवर सी७झेडए असा इंजिनिअरिंग नंबर असतो, सी म्हणजे साठचं दशक, ७ म्हणजे १९६७, झेड म्हणजे मस्टँग, आणि काउंटरवर विकायच्या पार्टच्या नंबरात शेवटचं अक्षरपण झेड होतं, सी७झेडझेड. पण इथे नंबराची चिठ्ठीच नाही, मग नंबर कुठला वाचणार. काळा रंग हाच पुरावा.

२८ जानेवारी

उजव्या स्पिंडलवर बारीक फवारा सापडला, बॉडीच्या रंगाचा. क्षणभर वाटलं कारखान्याचाच असेल, मग हसू आलं. कारखान्यात बॉडी रंगून, भट्टीतून भाजून निघायची आणि मग तिच्याखाली सस्पेन्शन बसायचं. स्पिंडलवर बॉडीचा रंग म्हणजे नंतर कुणीतरी गाडी परत रंगवताना चाकाच्या जागी नीट कागद लावला नाही. त्या फवाऱ्याच्या खाली मात्र एक पांढरा ठिपका होता, अंगठ्याएवढा, अगदी शाबूत. त्या आळशी माणसाचे उपकार.

३ फेब्रुवारी

रंग जुळवणं. यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि माझ्या मते हा कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे, तरी दोन दिवस गेलेच.

दिसतो तो रंग मुळात रंग नाहीच. पृष्ठभागावर पावडर झालेली असते, वर तेलाचा पिवळा पडदा, खालून गंज झिरपलेला. ज्या जागी क्लॅम्प होता किंवा ग्रीस होतं तिथे सर्जिकल ब्लेडने केसाएवढी खपली काढली आणि तिची खालची बाजू बघितली, लोखंडाला चिकटलेली. शाफ्टचा पिवळा वरून मोहरीसारखा दिसत होता, खालून लख्ख लिंबू. पावडर झालेल्या जागी टर्पेंटाइनचा एक थेंब टाकला तर तो वाळेपर्यंत मूळ रंगाची खोली दिसते, आठ दहा सेकंद, तेवढ्यात बघून घ्यायचं. एक सांगतो, त्या काळच्या पिवळ्या आणि नारंगी रंगात लेड क्रोमेट असायचं, तेव्हा सुकं घासू नका, धूळ उडवू नका, ब्लेड वापरलं तरी ओलं करून आणि मास्क लावून. मी खपल्या एका डबीत झाकून ठेवल्यात.

मशीनने मोजून बघितलं. ते रंग मोजणारं स्पेक्ट्रोफोटोमीटर सपाट आणि एकसारखी जागा मागतं, माझा ठिपका गोल नळीवर, त्यात गंजाचे टिपके, तीन वेळा मोजलं तर तीन आकडे. मग मुन्सेलच्या रंग ताडायच्या पट्ट्या घेतल्या, त्यात रंगाची जात, उजेड आणि भडकपणा असे तीन वेगवेगळे आकडे असतात, त्यामुळे "थोडा जास्त पिवळा" असं मोघम न बोलता नेमकं काय कमी आहे ते लिहिता येतं. डोळा, दुपारचा ढगाळ उजेड आणि पट्टी, एवढ्यावर काम झालं.

एलईडीखाली जुळवलेला निळा बाहेर आणला तर जांभळा झाला. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फाटतात, कारण आतली रंगद्रव्यं वेगळी. पुसून परत केला, यावेळी दारात उभं राहून.

आणि चमक. माझ्या पहिल्या मिश्रणाला इतकी चमक आली की नळीला लॉलीपॉप बांधल्यासारखं वाटायला लागलं. कारखान्यातला तो खुणेचा रंग म्हणजे पटकन वाळणारा स्वस्तातला माल, त्याचं काम दोन तास टिकणं, माझ्या गाडीवर तो पन्नास वर्षं टिकला हा योगायोग. इनॅमलमध्ये मॅट करायची पेस्ट घालून चमक मारली.

१० फेब्रुवारी

शाफ्टच्या नळीचा गंज काढला. गंज खाणारं पाण्यासारखं द्रव मिळतं त्यात बुडवून ठेवला, ॲसिड वापरलं नाही, कारण फॉस्फोरिक ॲसिडने लोखंडावर राखाडी थर येतो आणि मग उघड्या लोखंडाचा रंगच बदलतो. मूळ पट्टे होते तो भाग बाहेर ठेवला, तिथे फक्त कापूस. वेल्डिंगच्या जवळ निळसर छटा राहिली ती मुद्दाम राहू दिली. नट बोल्ट काळ्या फॉस्फेटचे होते, ते करून आलेत, छान आहेत, त्यावर जास्त लिहित नाही.

आता प्रश्न असा की मूळ पट्टे ठेवायचे की नवे मारायचे. पिवळ्याचा साधारण तिसरा हिस्सा शाबूत आहे. ठेवायचे. उरलेलं पूर्ण करायचं पण मूळ रंगावर ब्रश न नेता, त्याच्या कडेला येऊन थांबायचं.

११ फेब्रुवारी

काका आले होते. काकांनी आयुष्यभर असेंब्ली लाइनवर इन्स्पेक्शन केलं, गाड्या नव्हेत, पण नट बोल्ट तेच. त्यांना माझे सरावाचे नमुने दाखवले, जुन्या पाइपवर पन्नासेक रेघा मारल्या होत्या, मला त्यातल्या चार पाच फार आवडल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, "ही नक्षी आहे. रेघ कुठंय?"

मी म्हटलं काका, बघा की, रंग जुळलाय, जाडी जुळलीये.

"अरे, तू रेघेकडे बघून रेघ मारतोयस. आम्ही नटाकडे बघायचो."

मग त्यांनी फोटो मागितले. लॅपटॉपवर स्टीअरिंगच्या दांड्यांचे, म्हणजे टाय रॉडचे, पिटमन आर्मचे, आयडलर आर्मचे सगळे फोटो लावले, आणि ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ही दोन माणसं आहेत. मी म्हटलं कशी? "डावीकडच्या सगळ्या खुणा बघ, आखूड आहेत, ठिपका दाबून मग थोडं ओढलंय, रंग भरपूर. उजवीकडच्या लांब आणि सुक्या, नटावरून सुरू होऊन पार आर्मवर गेलेल्या. लाइनच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी असतात. डावीकडचा सावकाश काम करणारा आहे, ब्रश नीट बुडवतो. उजवीकडचा एकदा बुडवून चार नट उरकतो."

परत बघितलं. महिनाभर हे फोटो रोज बघतोय मी. उजवीकडे खरंच एक दोन तीन चार अशी खूण फिकट होत जाते, पहिल्या नटावर ओली, चौथ्यावर नुसता ओरखडा. मी त्या चौथ्याच्या बाजूला वहीत लिहून ठेवलं होतं: रंग उडालेला, पूर्ण भरून काढणे.

शिवाय ते म्हणाले की माणूस खाली, गाडी वर, हात वर करून मारणार, तर ब्रश जवळून लांब जातो आणि उजव्या हातात पाना असेल तर ब्रश डाव्यात. टेबलावर बसून मारलेल्या रेघेत हे कसं येणार. मग पाइप छताला टांगला आणि खाली उभं राहून मारत बसलो. रंग बाहीत गेला. काका चहा घेऊन बसले आणि दर वेळी नुसतं "नक्षी" म्हणत होते.

१८ फेब्रुवारी

दोनशेच्या वर रेघा झाल्या असतील. उजवीकडचा माणूस बऱ्यापैकी जमतो आता. डावीकडचा जमत नाही. त्याचा तो दाबून ठेवलेला ठिपका माझा नेहमी गोल होतो, त्याचा थोडा लांबट आहे. ब्रश बदलून बघितला, केस आखूड कापले, मग काडीला कापडाचा बोळा बांधून बघितला आणि तिथे जमला. म्हणजे डावीकडच्याकडे ब्रश नव्हताच, बोळा होता.

२ मार्च

शाफ्टचे पट्टे मारले. पहिला प्रयत्न वाया. शाफ्ट टेबलावर आडवा ठेवून मारला, छान दिसत होता, आणि मग फोटोशी ताडून बघितला तर माझे ओघळ एका बाजूला आणि मूळ ओघळ नळीच्या लांबीच्या दिशेने, मागच्या टोकाकडे. म्हणजे रंग मारताना किंवा वाळताना शाफ्ट उभा होता, पुढचं टोक वर. ओघळ कधी खोटं बोलत नाही, जमीन कुठे होती ते सांगतो. पुसला, उभा टांगला, परत मारला.

निळ्याचं अर्धवटपण ठेवलं. मित्र म्हणाला पूर्ण कर की, लोकांना वाटेल तुझा रंग संपला. म्हटलं कुणाचा तरी संपलाच होता.

३ मार्च

उघड्या लोखंडाला गंज येऊ नये म्हणून वरून मॅट क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला आणि उजव्या स्प्रिंगवर त्या बोटाने लागलेल्या लालाशेजारी लाल पसरला. काही लाल रंग असे असतात, वरच्या थराच्या थिनरमध्ये विरघळून वर येतात, ओल्या कपड्यातून रंग सुटावा तसे. नशीब, मूळ लालावर आधी मेणाचा थर दिला होता, पसरला तो मी बाजूला सरावाला मारलेला. आता क्लिअर अगदी धुक्यासारखा, लांबून, चार पाच वेळा, मध्ये पूर्ण वाळू देऊन. मूळ खुणांवर क्लिअर नाहीच, फक्त मेण.

१६ मार्च

फायरवॉलचं ३७. दोन आठवडे ढकलत होतो. ट्रेसिंग पेपरवर फोटोवरून आकडा मोजून काढला, जागेवर धरून बघितला, लाल मेणखडू हातात घेतला. आणि नाही मारला. तिथे तिरक्या उजेडात अजून तो गुलाबी ढग दिसतो, त्यात ७ची आडवी रेघ अजून जाणवते, ती त्या माणसाचीच आहे. वर मी मारलं की ती गेली. गाड्यांच्या प्रदर्शनात स्पर्धेला उतरणारे मारतील, मस्टँग क्लब ऑफ अमेरिकात थरोब्रेड म्हणून वर्ग आहे तिथे या खुणांना मोल आहे, कॉर्व्हेट गाडीवाल्यांच्या एनसीआरएस या संघटनेत तर १९७४पासून गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का यावरच सगळा जोर. मला त्यांचं पटतं. पण पुसलं मी, तेव्हा पुसलेलं राहू दे. ट्रेसिंग आणि डीस्ट्रेचचा प्रिंट गाडीच्या फाइलमध्ये ठेवला.

१७ मार्च

डाव्या स्प्रिंगबद्दल मात्र वाद झाला. जोडी जुळावी म्हणून डाव्यावर तोच पिवळट हिरवा फराटा मारावा असं दोन जणांचं म्हणणं. आधी मलाही वाटलं होतं. पण डावा आणि उजवा सारख्याच रंगाचा असतो असं कुणी सांगितलं? स्प्रिंग बाजूप्रमाणे वेगळा असू शकतो. आणि हा स्प्रिंग कारखान्यात बसलेलाच नाही, तर त्याच्यावर कारखान्याची खूण मारणं म्हणजे बदलीच्या माणसाला मूळ माणसाचा बिल्ला लावणं. काळाच राहील. उंची मोजली, वजन टाकून दाब मोजला, उजव्याच्या बरोबरीने आहे, काम करतो, बास.

२४ मार्च

जोडणी. लिहायला काही नाही, सगळं बसलं, एक कोटर पिन हरवली, सापडली.

तपासणीच्या रेघा मात्र अजून मारल्या नाहीत. कंट्रोल आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहून तिच्या वजनाखाली बसल्यावरच पक्के आवळायचे, हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं. मग हवेत असताना रेघ मारून काय उपयोग, परत सैल करावा लागणार आणि रेघ तुटणार. तसंच टाय रॉडच्या स्लीव्हचं, अलाइनमेंट करताना ती फिरतेच. म्हणजे क्रम तोच ठेवायचा जो लाइनवर असेल: आवळा, बघा, मग रेघ. मी महिनाभर आधी रेघा मारून मग जोडायच्या बेतात होतो, टेबलावर सोपं पडतं म्हणून.

३१ मार्च

अलाइनमेंट झाली. गाडी रॅम्पवर, मी खाली उभा, उजव्या हातात टॉर्क रेंच, डाव्यात ब्रश. उजवीकडचे चार नट एका बुडवण्यात. चौथा जवळपास कोरडा गेला, तसाच ठेवला. मग डावीकडे जाऊन बोळा. पिटमन आर्मची रेघ चुकली, नटाच्या बाहेरून सुरू झाली, पुसणार होतो, काका मागून म्हणाले, "राहू दे, नट आवळलेला आहे ना?" आवळलेला होता.

गाडी खाली घेतली, हात धुतले, आणि लॅपटॉप बंद करताना जानेवारीतला फोटो दिसला, डाव्या बाहेरच्या टाय रॉडच्या नटाचा. तो राहिला होता. परत रॅम्प चढवायचा कंटाळा आला म्हणून तसाच वाकून चाकामागे हात घातला, काही दिसत नव्हतं, बोटाने नट चाचपला, घट्ट होता, बोळा दाबला आणि ओढला. मग टॉर्च मारून बघितला. लांबट ठिपका, छोटी शेपटी. कोपर फेंडरच्या कडेला लागून सोललं.